अकरा जणांतली एक हाक

सकाळी सहा, वेताळ टेकडी

भुताखेतांच्या जागा दाखवणाऱ्या बाईचा दिवस रात्री सुरू होत असेल, असं लोकांना वाटतं. माझा दिवस सुरू होतो उजाडायच्या आधी, पौड रस्त्याच्या बाजूने टेकडी चढताना. कोथरूडमधली तरुण मंडळी हिला एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण वाहनांच्या चाचण्या घेणारी ती संस्था इथेच आहे. पण टेकडीचं मूळ नाव ज्याचं, तो माथ्यावरच्या देवळात शेंदूर ल्यालेला बसला आहे. वेताळ, भुतांचा राजा. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. एवढी उंच जागा पुणे शहरात दुसरी नाही, आणि ती शहराने देवांपैकी नेमकी याला दिलेली आहे.

आज पौष पौर्णिमा. चंद्र चांदणी चौकाच्या बाजूला उतरलाय, हातापायांना थंडी झोंबतेय. वाटेत कानटोप्या घातलेले काका, काठ्या घेतलेल्या आज्या, पळणारी पोरं. देवळापाशी आलं की यांतले निम्मेअधिक पायातले बूट काढतात, नमस्कार करतात आणि पुन्हा चालायला लागतात. अमावास्येच्या रात्री वेताळाची पालखी निघते, पुढे मशाली, मागे सगळा भूतगण, आणि ती ज्याला आडवी जाते त्याचं काही खरं नाही, हे यांतल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. तरी भीती कुणाच्या चेहऱ्यावर नसते. दर शनिवारी तेलाची बाटली घेऊन येणारे एक काका आहेत. मी त्यांना एकदा विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, राजा इथे बसलाय म्हणून बाकीची खाली येत नाहीत. तो आपल्या बाजूचा आहे."

ही समजूत फक्त कोथरूडची नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला भलेमोठे चामडी जोडे वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याचे जोडे झिजतात, मग भक्त नवे आणून देतात. गोव्यात काणकोणजवळ लोलयेला बेताळाची उंच पाषाणमूर्ती आहे. आणि पुण्यातच, आज आपण जिला गुरुवार पेठ म्हणतो तिचं पेशवाईतलं नाव वेताळ पेठ होतं. राखणदार वेशीवर हवा, म्हणून त्याची ठाणी गावाच्या कडेला. कोथरूड वाढत गेलं, वेस पुढे सरकत गेली, आणि कडेचा देव मधोमध आला.

दामोदर धर्मानंद कोसंबी याच टेकड्यांच्या पायथ्याशी राहत. गणितज्ञ माणूस, पण पुण्याच्या परिसरात पायी हिंडून त्यांनी अश्मयुगीन माणसाची नखाएवढी दगडी हत्यारं वेचली आणि ती हत्यारं सापडतात त्या वाटा व शेंदूर फासलेल्या देवांची ठाणी यांचा संबंध जोडून दाखवला. त्यांचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ १९६२ सालचं. ते वाचल्यापासून मला वेताळाच्या देवळापाशी वेगळंच भान येतं. या जागेला माणसं देऊळ नव्हतं तेव्हापासून जपत आली असतील. २०२३ साली बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे बोगदे यांच्या विरोधात पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा फलकांवर मोर होते, झाडं होती, भूजल होतं. वेताळाचं नाव तर घोषणेतच होतं. मला त्या गर्दीत फार बरं वाटलं होतं.

सकाळी साडेआठ

पोहे, चहा, आणि फोनवर रात्रभरात साचलेले निरोप. शनिवारवाड्याच्या पौर्णिमेच्या फेरीला नेहमीच जास्त नावं येतात. "मावशी, आज आवाज ऐकू येईल ना?" हा प्रश्न ठरलेला. मी दरवेळी खरं तेच लिहिते: मी तो कधी ऐकलेला नाही, आणि तो ऐकवण्यासाठी फेरी काढत नाही.

मग तासभर टिपणांच्या वह्या. लोक गोष्टी पाठवतात, त्या मी तीन प्रश्न विचारून लावते. जागा कोणती? केव्हाची? मेलं कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेकांकडे असतात. तिसऱ्याला गाडी अडते. घाटात रात्री पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, ही गोष्ट मला कात्रजच्या घाटाची म्हणून आली, खंबाटकीची म्हणून आली, वरंध्याचीही आली. जगातल्या कुठल्याही घाटरस्त्यावर ती ऐकायला मिळते. तिच्यातल्या बाईला नाव नसतं, माहेर नसतं, मरणाचं कारण नसतं. अशी गोष्ट मी वहीत ठेवते, पण फेरीत सांगत नाही.

याउलट १८८५ साली छापलेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडावं. त्यात या भागातल्या लोकांच्या समजुतींचं मोठं प्रकरण आहे. आधी घरची भुतं आणि बाहेरची भुतं अशी वाटणी, मग नावं: अळवंतीण, हडळ, जखीण, मुंजा, समंध, ब्रह्मपुरुष, वीर, झोटिंग, खवीस, काफ्री, गिऱ्हा, आसरा. शाळकरी वयात मी नारायण धारपांच्या कादंबऱ्या पांघरुणात शिरून वाचल्या, तेव्हा ही नावं अंगावर काटा आणत. आता ही यादी वाचताना गळा दाटतो, कारण प्रत्येक नावामागे मरणाचा एक प्रकार आहे. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. अळवंतीण आणि हडळ म्हणजे बाळंतपणात, नाहीतर त्यानंतरच्या दिवसांत गेलेली बाई. जखीण ही सवाष्ण मेलेली. काफ्री म्हणजे आफ्रिकेतून आणलेला गुलाम, जो परक्या मुलखात मेला. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडालेला. म्हातारपणी, भरल्या घरात, नातवंडांच्या मांडीवर गेलेल्या माणसाला या यादीत जागाच नाही. ज्यांचं जगायचं राहून गेलं त्यांची ही नोंद आहे. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदवह्या यायच्या कितीतरी आधीपासून ती लोकांनी तोंडी ठेवली.

या नोंदीत बाया किती आहेत, हेही डोळ्यांत भरतं. बाळंतिणीच्या मरणाला त्या काळी उपाय नव्हता. जी गेली तिची भीती मात्र घरात राहिली. तिच्या नावाने खिळे ठोकले, तिला वाटेत मोहऱ्या टाकून अडवलं. ज्या बाईला घराने वाचवायला हवं होतं, तिलाच घराबाहेर ठेवायचे हे विधी. हडळीची गोष्ट सांगताना मी आधी हे सांगते आणि मगच तिचे उलटे पाय.

सकाळी दहा, पिंपळापाशी

आज मध्येच एक काम आलंय. कोथरूड गावठाणापासून जवळच एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय. कोथरूडमध्ये हल्ली दर गल्लीत एक तरी इमारत पत्र्याआड असते, त्यांतलीच ही. आवारात पिंपळ आहे, पार आहे, पाराच्या कोनाड्यात शेंदराने गुळगुळीत झालेला दगड आहे. झाड तोडायला आलेली माणसं दोनदा परत गेली. मुंजा आहे म्हणाली. सेक्रेटरींनी मला फोन केला: "तुम्ही या विषयातल्या. तुम्ही येऊन सांगा की इथे काही नाही."

मी गेले. पार मोठा सुरेख होता. एका बाजूला सभासद, दुसऱ्या बाजूला कंत्राटदाराचा मुकादम, आणि पारावर एक आजी बसल्या होत्या. त्या इथल्या मूळच्या शेतकरी घरातल्या. सोसायटी झाली ती त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीवर.

"मुंजा आहे का हो आजी?" सेक्रेटरींनी जरा थट्टेने विचारलं.

"आहे म्हणजे? दर शनिवारी दिवा लावते मी. माझ्या सासूबाई लावायच्या."

"कुणाचा?" मी विचारलं.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला कुणी इचारलं नव्हतं आजवर. शेजारच्या बामणाच्या वाड्यातलं पोरगं होतं म्हणत. प्लेगात गेलं. मुंज होऊन सा महिने झाले नव्हते. त्याची आई रोज इथं येऊन बसायची, म्हणून हा पार बांधला."

पुण्यात प्लेग १८९७ साली पसरला, आणि पुढची कित्येक वर्षं परत परत येत राहिला. माणसं पेठा सोडून बाहेर झोपड्या घालून राहिली. कोथरूड त्या वेळी शहराबाहेरचं, शेतामळ्यांचं गाव. असा मुलगा इथे असू शकतो. आजींची गोष्ट कागदावर सिद्ध होईल असं मी म्हणत नाही. पण पार तर डोळ्यांसमोर आहे, आणि तो भीतीपोटी बांधलेला नाही. एका आईला बसायला जागा हवी होती.

मी सभासदांना एवढंच सांगितलं की इथे काही नाही असं सांगायला मी आलेले नाही. इथे एक मुलगा आहे, त्याला सव्वाशे वर्षं कुणीतरी दिवा लावतंय. घाबरायचं कारण नाही, आणि पुसून टाकायचंही नाही. झाडाचं म्हणाल तर त्याला कायदा आहे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि एवढ्या वयाच्या पिंपळासाठी ती मागायच्या आधी नकाशा बदलता येतो का, हे वास्तुविशारदाला विचारायला हवं. मुकादम पटकन म्हणाला, "तेच बरं होईल, मॅडम. आमची माणसं हात नाही लावणार." एका तरुण सभासदाने विचारलं, "‘मुंज्या’ सिनेमातला तो हाच का?" २०२४ साली तो चित्रपट आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या डोक्यात मुंजा म्हणजे खिदळणारं, लग्नासाठी हपापलेलं पिशाच्च झालंय. मी त्याला आजींच्या शेजारी बसवलं आणि म्हटलं, यांच्याकडून ऐक.

पेठांमध्ये मुंजाबाच्या नावाचा बोळच आहे, तिथून रोज शेकडो माणसं जातात. पुण्याने आपली भुतं पत्त्यांत जपली. कोथरूड नवं झालं तेव्हा आपण इमारतींना फुलांची आणि नद्यांची नावं दिली. त्यांत हा एक पार उरलाय, तो उरावा असं मला मनापासून वाटतं. नकाशा बदलायचा का, यावर रविवारी बैठक आहे. मी जाणार आहे.

दुपारी एक, सदाशिव पेठ

आयडियल कॉलनीला मेट्रोत बसले, डेक्कनला उतरले, लकडी पूल ओलांडून पायी भारत इतिहास संशोधक मंडळात. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेली ही संस्था. फेरीच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला १७७३ ची पानं समोर असावीत, असा माझा प्रयत्न असतो. कारण शनिवारवाड्यातला खून झाला तो दुपारी एकच्याच सुमाराला.

हे ऐकून लोक चकित होतात. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते, असं अख्खं पुणं सांगतं. त्यामुळे खूनही रात्रीच झाला असणार, अंधार असणार, मशाली असणार, असं मनात बसलेलं असतं. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणेशोत्सव चालू होता, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी. नारायणराव पेशवे नुकतेच अठरा पुरे झालेले. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. सकाळी ते पर्वतीला जाऊन आले. कटाची कुणकुण त्यांना लागली होती, त्यांनी ती हरिपंत फडक्यांच्या कानावर घातली, आणि हरिपंत बंदोबस्त करायच्या आधी जेवायला गेले. इतिहासात याहून अंगावर येणारं जेवण मला माहीत नाही.

गारद्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं गलका करत वाड्यात शिरली. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. त्यांनी पुतण्याला धरण्याच्या कामावर या गारद्यांना लावलं होतं. ‘धरावे’चं ‘मारावे’ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं असं परंपरा सांगते, आणि शाळेतल्या मुलालाही ते पाठ असतं. नारायणराव आधी सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंच्या दालनाकडे धावले, तिथून काकांकडे. काकांना मिठी मारली. तुळाजी पवाराने त्यांना ओढून काढलं. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवायला त्यांच्या अंगावर पडला. दोघांनाही तिथेच तोडलं. सगळा प्रकार अर्ध्या तासात संपला.

इथपर्यंत गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची ओळ फार थोड्यांना असते. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्या अर्ध्या तासातल्या बळींची मोजणी दिली आहे: अकरा माणसं. नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक, आणि दोन दासी.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. अकरा जण मेले आणि हाक एकाचीच ऐकू येते. अडीचशे वर्षं शहर कान देऊन बसलंय, पण फक्त पेशव्यासाठी. त्या दोन बाया त्या दुपारी काय करत होत्या? ताटं उचलत असतील, सणाच्या दिवसांतली शंभर कामं. त्यांना कटाशी, पगाराशी, गादीशी काही देणंघेणं नव्हतं. गॅझेटियरच्या यादीत भुतांचे कितीतरी प्रकार आहेत, त्यांत मालकाच्या घरात मालकाच्या भांडणापायी मेलेल्या दासीला स्वतःचा प्रकार नाही. चापाजी टिळेकराचं नाव तरी राहिलं. तेही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा गळतं.

माझं सारं काम, खरं सांगायचं तर, या एका ओळीपासून सुरू झालं. भुताची गोष्ट हा शहराने ठेवलेला आरोप असतो. इथे अन्याय झाला, तो मिटलेला नाही, असं ती म्हणते. म्हणून ती सांगणाऱ्याने आरोप पुरता वाचला पाहिजे, सगळ्या बळींसकट. रामशास्त्री प्रभुण्यांनी तेच केलं. चौकशी केली, दोष रघुनाथरावांवर येतो हे त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणलं, त्यात प्रेक्षकांच्या मनात उभा राहतो तो हा न्यायाधीश. हाक त्यानंतरही उरली, कारण सर्वांत मोठ्या आरोपीला शिक्षा झाली नाही. हाक अजून ऐकू येते असं लोक म्हणतात, त्याचा मला कळलेला अर्थ हा आहे.

दुपारी तीन

मंडळातून निघून खुन्या मुरलीधराच्या देवळात पाच मिनिटं. १७९७ साली सावकार गद्र्यांनी हे देऊळ बांधलं, त्याच सुमारास इथे अरबांची आणि पलटणीची चकमक होऊन माणसं मेली. तो रक्तपात देवाच्या नावाला कायमचा चिकटला. इथे भूत सांगत नाहीत. नावानेच आठवण ठेवली, त्यामुळे भुताची गरज पडली नसावी. भाजलेले शेंगदाणे घेतले आणि निघाले.

दुपारी साडेचार

फोन. भुतांच्या फेऱ्या काढते म्हटल्यावर असे फोन येतातच, आणि हा माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग. बाईंचा आवाज दबलेला. जावेला बाळंतपणानंतर "बाहेरचं लागलंय". ती रात्रभर जागते, बाळाला जवळ घेत नाही, भिंतीकडे बघून बोलते. घरच्यांनी गावाकडचा एक देवऋषी ठरवलाय, उद्या नेणार आहेत. "तुम्हाला यातलं कळतं ना? तो खरा आहे का, तेवढं सांगा."

मी त्यांना बसून ऐकायला सांगितलं. बाळंतपणानंतर असा गंभीर मानसिक आजार होऊ शकतो, तो औषधाने बरा होतो, आणि त्यात एक दिवसाचाही उशीर आईला आणि बाळाला धोक्याचा असतो. तिला एकटं ठेवू नका, बाळाजवळ सतत कुणीतरी हवं. आजच्या आज डॉक्टरांकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे. कुठे न्यायचं कळेना तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा, मराठीत बोलतात. आणि देवऋषीने भूत उतरवण्याच्या नावाखाली हात उचलला, साखळीने बांधलं, मिरचीची धुरी दिली, तर तो महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरातल्या पुरुषांना हे माझ्या नावावर सांगा, हवं तर त्यांना फोन द्या.

त्यांनी दिराला फोन दिला. बराच वेळ बोलले. आवाज चढवला नाही. शेवटी तो म्हणाला, "आत्ताच नेतो." संध्याकाळी सहाला त्या बाईंचा निरोप आला, दवाखान्यात पोचलो. त्यानंतरच मला फेरीची पिशवी भरता आली.

अळवंतिणीची नोंद सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी ठेवली त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे आहे. म्हणून ही गोष्ट सांगायची ती त्या बाईच्या बाजूने. तिच्या अंगावर लादायला नाही.

संध्याकाळी साडेसहा, शिंदे पूल

फेरी मी बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूने सुरू करते आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावरून पलीकडे नेते. आज वीसेक माणसं आहेत. बाणेरचे आयटीतले चौघे, एक वडील आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, नारायण पेठेत बालपण गेलेल्या आणि आता कोथरूडमध्ये लेकाकडे राहणाऱ्या एक आजी. पलीकडे ओंकारेश्वर. नदीकाठच्या या भागात पूर्वी दहन होत असे. आजींना ते आठवतं. संध्याकाळी इथून जाताना आई हात घट्ट धरायची आणि मागे बघू द्यायची नाही.

पुलावर मी थांबते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथे गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

आयटीतला एक मुलगा म्हणाला, "पण हे भुताच्या फेरीत कशाला?"

मी म्हटलं, "आपण खुनाच्या जागा बघायला निघालोय. ही त्यांतली सर्वांत अलीकडची. शिवाय दुपारी मला एक फोन आला होता." आणि नावगाव न सांगता तो फोन सांगितला. कुणीही पुढे काही विचारलं नाही. दहा वर्षांच्या मुलाने कठड्यापाशी जाऊन खाली पाणी किती आहे ते पाहिलं.

संध्याकाळी साडेसात, शनिवारवाडा

वाडा या वेळी बंद असतो. आत शिरायचा हट्ट काहीजण धरतात, पण ते बेकायदा आहे, आणि बाहेरूनही पुष्कळ दिसतं. दिल्ली दरवाजाच्या दारांवरचे हत्तीला रोखणारे खिळे, वरचा नगारखाना, पुढ्यात बाजीरावांचा पुतळा. पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. सत्त्याण्णव वर्षं गेली नाहीत तोवर, २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आतले लाकडी मजले गेले. ज्या दालनांतून नारायणराव धावले त्यांची आज जोतीच उरलेली आहेत. हाक ऐकू येते म्हणतात ती या रिकाम्या जोत्यांवरून.

कसब्याच्या बाजूने चंद्र बराच वर आलाय. रिक्षांचे हॉर्न, भेळेची गाडी, मैदानात क्रिकेट. मी फेरी दिल्ली दरवाजाशी रेंगाळू देत नाही. तटाला वळसा घालून दक्षिणेकडच्या छोट्या दरवाजाकडे नेते. पुण्यात भुताची गोष्ट सांगायला याहून योग्य जागा नाही, असं माझं मत आहे. हा जांभूळ दरवाजा. वाड्यातल्या दासींची, रक्षांची ये-जा या दाराने होई. त्या दुपारनंतर नारायणरावांच्या देहाचे तुकडे याच दाराने बाहेर नेले आणि लोक याला नारायण दरवाजा म्हणू लागले.

इथे उभी राहून मी अकरांची मोजणी सांगते. रोज ज्या दाराने त्या दोघी आत गेल्या असतील, त्या दाराला पुढे धन्याचं नाव पडलं. मी आवाज काढत नाही, दिवा विझवत नाही. आकडा सांगते, वेळ सांगते, तिथी सांगते. सरळ सांगितलं तरी पुरतं. नारायण पेठेच्या आजी म्हणाल्या, "माझी आजी शनिवारवाड्याच्या गोष्टी सांगायची. त्यात कुणबिणी कधी आल्याच नाहीत." लहान मुलाने वडिलांना विचारलं, "अठरा म्हणजे ताईएवढा?" वडील म्हणाले, "हो, ताईएवढाच." आयटीतल्या मुलाला आवाज ऐकायचा होता, तो थोडा खट्टू झाला होता. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंचं ऐकल्यावर तो थांबला. नवरा मारला गेला तेव्हा त्या गरोदर होत्या. मुलगा १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर झाला, जेमतेम चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली, आणि एकवीस वर्षांचा असताना, ऑक्टोबर १७९५ मध्ये, तो याच वाड्यात वरून पडून गेला. आयटीतल्या मुलाने विचारलं, "मग त्याची का नाही ऐकू येत हाक?" हा प्रश्न मला फार आवडला. त्यावर आम्ही मेट्रोच्या जिन्यापर्यंत बोलत राहिलो.

रात्री साडेनऊ

कसबा पेठेतून जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून आयडियल कॉलनी. गाडीत बसूनच पुढचं ठरवून टाकलं आणि गटावर निरोप टाकला: पौर्णिमेच्या रात्रीची फेरी चालू राहील, पण यंदापासून भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला एक वेगळी फेरी, दुपारी एक वाजता, नारायण दरवाजापाशी. अकरांचीच गोष्ट, खून झाला त्याच तिथीला आणि त्याच वेळेला.

पाच मिनिटांत कुणीतरी विचारलं, "ऐन गणपतीत? भर उन्हात?"

लिहिलं, "हो. तेव्हाही गणपतीच होते. रस्ते बंद असतील, कसबा पेठ स्थानकावरून चालत या. पाण्याची बाटली आणा."